धीर देणे आणि धीर धरणे : स्तनकर्करोगविषयक लेखनातील संवादाचे स्वरूप

१

मराठीत ‘धीर’ हा शब्द मुख्यतः तीन क्रियापदांच्या संगतीने येतो. धीर दिला जातो, धीर धरला जातो आणि धीर सुटतो. आजाऱ्याभोवती जमणारी माणसे धीर देतात, धरण्याचे काम आजाऱ्याकडे येते. सुटण्याचा उच्चार मात्र दोन्ही पक्ष टाळतात. देणारा समर्थ आणि घेणारा दुर्बल, अशी एक उतरंड या रूढ व्यवहारात गृहीत धरलेली असते. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांनी गेल्या दोन शतकांत इंग्रजीत जे लेखन केले, त्यातील महत्त्वाच्या संहितांनी ही उतरंड अनेक अंगांनी तपासली आहे. या लेखनाकडे आत्मचरित्राचा एक उपप्रकार म्हणून पाहण्याची पद्धत आहे. तथापि, त्यातील बहुतेक संहिता कोणाला तरी उद्देशून आहेत. बहिणीला, मैत्रिणीला, मुलीला किंवा उद्या याच रोगाला सामोऱ्या जाणाऱ्या अनोळखी स्त्रीला. ज्याला उद्देशून लिहायचे तो श्रोता संहितेच्या घडणीतच सामील असतो, हे बाख्तिनचे प्रतिपादन येथे शब्दशः लागू पडते. म्हणून या लेखनाचा विचार अनुभवाच्या आविष्काराइतकाच संवादाच्या अंगानेही व्हावयास हवा.

तसा तो केला की एक गोष्ट स्पष्ट होत जाते. धीर सुटल्याचे सांगण्यास जी संहिता जागा ठेवते, तीच दुसऱ्याला खऱ्या अर्थाने धीर देऊ शकते. जी संहिता केवळ विजयाची कथा सांगते, ती ऐकणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवते. हा भेद नैतिक जसा आहे तसा रूपविषयकही आहे. आणि त्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते ती ज्यांचा रोग परततो अशा रुग्णांना.

२

या परंपरेच्या आरंभी कादंबरीकार फॅनी बर्नीचे एक पत्र आहे. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये तिचा उजवा स्तन शस्त्रक्रियेने काढण्यात आला. शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याचा शोध जाहीर व्हायला तेव्हा पस्तीस वर्षे अवकाश होता. तिला मिळाले ते केवळ मद्यमिश्रित पेय. शस्त्रक्रिया करणाऱ्यांत नेपोलियनच्या सैन्याचा सुप्रसिद्ध शल्यवैद्य लारे हा होता. १८१२ मध्ये तिने इंग्लंडमधील बहिणीला, एस्थरला, या प्रसंगाचा दीर्घ वृत्तान्त लिहिला. लिहिण्यास काही महिने लागले. आठवण इतकी असह्य होती की लिहिलेले पुन्हा वाचून पाहणेही आपल्याला शक्य झाले नाही, असे ती नमूद करते. तिचा रोग कर्करोगच होता काय, याविषयी पुढील काळात शंका घेतली गेली आहे, कारण त्यानंतर ती १८४० पर्यंत जगली. साहित्यविचाराच्या दृष्टीने त्या निदानापेक्षा पत्राचे प्रयोजन अधिक महत्त्वाचे आहे.

हे प्रयोजन पत्रातच सांगितलेले आहे. सुरुवातीच्या वेदनेकडे आपण दुर्लक्ष केले, पतीने आणि जवळच्या मैत्रिणीने आग्रह करूनही वैद्याला दाखवायचे टाळले, ही कबुली ती बहिणींना आणि भाच्यांना इशारा म्हणून देते. म्हणजे भीतीचा हा वृत्तान्त कुटुंबातील पुढच्या स्त्रीसाठी लिहिला गेला आहे. बर्नी स्वतःला धैर्यशील म्हणून रंगवीत नाही. दिवाणखान्यात मांडलेली पलंगाची तयारी पाहताच परत फिरावेसे वाटणे, चेहऱ्यावर टाकलेल्या तलम रुमालातून पात्याची चमक दिसणे, शस्त्र फिरत असताना अखंड किंचाळणे, हे सारे ती तपशिलाने नोंदवते.

या पत्रातील एक प्रसंग सर्व पुढील चर्चेचे बीज ठरावा असा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी एक वैद्य तिला विचारतो, मुलाच्या जन्माच्या वेळी तू ओरडली होतीस काय. ओरडल्यावाचून गत्यंतर नव्हते, असे ती सांगते. मग काळजी नाही, असे तो म्हणतो. आवाज दाबून धरलास तर परिणाम वाईट होतील, हेही तिला बजावले जाते. अशा आश्वासनातून किती भयंकर अर्थ निघतो, याची जाणीव बर्नीला लगेच होते. तरीही किंचाळण्याला मिळालेली ही परवानगी हाच त्या खोलीतला एकमेव प्रामाणिक धीर होता. पुढे पत्र लिहिताना तिने हीच परवानगी स्वतःला दिली, आणि पत्र वाचणाऱ्या स्त्रियांनाही दिली.

येथेच दुसरी बाजूही दिसते. शस्त्रक्रियेची वेळ तिने पतीला कळू दिली नाही. तो कामानिमित्त बाहेर राहील अशी व्यवस्था केली. त्याला वेदना होऊ नयेत म्हणून केलेली ही लपवणूक होती. रुग्णच कुटुंबाला सांभाळतो, धीराचा प्रवाह अपेक्षित दिशेच्या उलट वाहतो, ही गोष्ट नंतरच्या जवळजवळ प्रत्येक संहितेत पुन्हा भेटते. पत्नीला जे बोलता येत नाही ते बहिणीला लिहिता येते. नात्यानुसार बोलण्याच्या मर्यादा बदलतात आणि त्या मर्यादाच वाङ्मयप्रकार ठरवितात.

३

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा संवाद खासगीच राहिला. रोगाचे नाव घेणे अशिष्ट मानले जाई आणि रुग्णाला मार्गदर्शन करण्याचा अधिकार वैद्यांपुरता मर्यादित होता. या चौकटीला अमेरिकेत पहिला धक्का दिला तो टेरेस लॅसर हिने. स्वतःची शस्त्रक्रिया झाल्यानंतर १९५२ मध्ये तिने ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला. या रोगातून गेलेली स्त्री नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला भेटून व्यायाम, कपडे आणि दैनंदिन व्यवहार यांविषयी सांगेल, अशी ही योजना होती. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचा स्वीकार केला. अनुभव हे ज्ञान आहे, आणि एका रुग्ण स्त्रीला दुसरीपाशी बोलण्याचा स्वतंत्र अधिकार आहे, ही भूमिका त्या काळी क्रांतिकारक होती. तिच्यावरील पुढील टीका वाचताना याचे विस्मरण होता कामा नये.

ही टीका सर्वांत प्रखरपणे केली कवयित्री ऑड्री लॉर्ड हिने ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) या पुस्तकात. १९७८ मध्ये तिचा उजवा स्तन काढण्यात आला. रुग्णालयात तिला भेटायला याच उपक्रमाची एक स्वयंसेविका आली. तिने लोकरीचा भरलेला फिकट गुलाबी कृत्रिम स्तन आणला होता. पूर्वीसारखेच दिसता येईल, कोणाला फरक कळणार नाही, हा तिचा दिलासा होता. ती बाई दयाळू आणि उत्साही होती, हे लॉर्ड मान्य करते. परंतु फिकट गुलाबी रंग कृष्णवर्णीय देहाशी जुळणारा नव्हता. आणि ज्या स्त्रीचा जीवनसाथी स्त्री आहे तिच्या प्रश्नांना पुरुषाच्या नजरेभोवती रचलेल्या या दिलाशात स्थानच नव्हते. लॉर्डला हवी होती तिच्यासारखी दुसरी स्त्री, जिच्याशी भीतीविषयी बोलता येईल.

या प्रसंगाचा अर्थ लावताना मराठी समीक्षेतील एक जुनी संकल्पना उपयोगी पडते. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाची मीमांसा करताना ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. दुसऱ्याच्या अवस्थेशी एकरूप होत असतानाही स्वतःच्या वेगळेपणाचे भान शिल्लक राहणे, हे तिचे मर्म आहे. केळकरांच्या विवेचनाचा विषय आनंद हा होता; तथापि परदुःखाच्या ग्रहणासही ही अट लागू करता येते. स्वयंसेविकेचे तादात्म्य निर्विकल्प होते. रोग एकच, म्हणून स्त्रीही एकच, असे तिने धरले होते. समान अनुभव हा संवादाचा आरंभ असतो. तो संवादाची पूर्तता आहे असे मानले की श्रोत्याचे वेगळेपण पुसले जाते.

लॉर्डचा पुढचा युक्तिवाद अधिक मूलगामी आहे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा दिवसांनी ती कृत्रिम स्तन न लावता शल्यवैद्याच्या दवाखान्यात गेली, तेव्हा तेथील परिचारिकेने तिला समज दिली की अशाने दवाखान्यातील इतरांचे मनोधैर्य खचेल. लॉर्डला हे वाक्य भेदक वाटले, कारण त्या ठिकाणी येणाऱ्या बहुतेक स्त्रिया याच अवस्थेतील होत्या. एकमेकींचे शरीर एकमेकींना दिसू न देणे म्हणजेच मनोधैर्य, असा त्याचा अर्थ होतो. डोळा गमावलेल्या मोशे दायान यांच्या पट्टीत जगाला शौर्य दिसते, स्तन गमावलेल्या स्त्रीने मात्र उणीव झाकावी अशी अपेक्षा असते, या विरोधाकडे ती लक्ष वेधते. झाकण्याचा परिणाम असा की रस्त्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन स्त्रिया एकमेकींना ओळखू शकत नाहीत. परस्परांना धीर देण्यासाठी आधी परस्परांचा पत्ता लागावा लागतो.

पुस्तकाची रचना या विचाराशी सुसंगत आहे. रोजनिशीतील नोंदी आणि नंतर केलेले विवेचन तेथे शेजारीशेजारी येतात. नोंदींतील भीती, थकवा, मृत्यूची चाहूल यांना विवेचनाचा स्थिर स्वर गिळून टाकीत नाही. धीर सुटलेला आवाज आणि धीर सावरलेला आवाज एकाच पानावर ऐकू येतात. १९८४ मध्ये रोग यकृतात पसरल्याचे निदान झाल्यावरही लॉर्डने लिहिणे थांबवले नाही. ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ (१९८८) या पुस्तकात त्या काळातील नोंदी आहेत. १९९२ मध्ये तिचे निधन झाले. या निधनाने पहिले पुस्तक खोटे ठरत नाही, कारण त्याने विजयाचे आश्वासन दिलेलेच नव्हते.

४

याउलट, विजयाच्या कथेपुढील अडचण अशी की तिला मृत्यू सामावून घेता येत नाही. आर्थर फ्रँक यांनी ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ (१९९५) या ग्रंथात आजारविषयक कथनांचे तीन प्रकार केले आहेत: पूर्वस्थितीला परतण्याची कथा, विस्कळीत कथा आणि शोधाची कथा. पहिली सर्वांना ऐकायला आवडते. दुसरी ऐकवत नाही, कारण तिला क्रम नसतो आणि शेवट दिसत नसतो. धीर देण्याची कसोटी या दुसऱ्या कथेपाशी लागते. विस्कळीत कथा सांगणाऱ्याला घाईने पहिल्या कथेत ओढून नेणे, हे दिलाशाचे रूप घेतलेले नाकारणेच असते.

बार्बरा एहरेनराइक हिच्या लेखनात याचा रोखठोक प्रत्यय येतो. पेशीविज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या या लेखिकेला २००० मध्ये स्तनाचा कर्करोग असल्याचे कळले. २००१ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात तिने लिहिलेला निबंध आणि पुढे ‘स्माइल ऑर डाय’ (२००९) हे पुस्तक, यांत गुलाबी फिती, खेळण्यातील अस्वले आणि सक्तीचा आनंद यांनी व्यापलेल्या एका संस्कृतीची चिकित्सा आहे. तिने उपचारांविषयीचा आपला राग सहरुग्णांपुढे मांडला, तेव्हा बहुतेकींनी तिला दृष्टिकोन बदलण्याचा उपदेश केला. मीही संतापलेली आहे, असे सांगणारी जी स्त्री पुढे आली, तिच्यापाशी उपचारांचे सर्व पर्याय संपलेले होते. या एका तपशिलाने धीराच्या त्या वर्तुळाची सीमारेषा उघड होते. रोग परतलेल्या स्त्रीला वर्तुळात राहायचे तर गप्प राहावे लागते. ‘बचावलेली’ या गौरवाच्या शब्दावर एहरेनराइकचा आक्षेप याच कारणासाठी आहे: ज्या बचावल्या नाहीत त्या लढण्यात कमी पडल्या, असे तो शब्द नकळत सुचवितो.

सुसान सोंटॅगने ‘इलनेस ॲज मेटाफर’ (१९७८) मध्ये युद्धाच्या या रूपकांवर हल्ला केला, तो स्वतःच्या आजाराचा उल्लेखही न करता. आपली कहाणी सांगण्यापेक्षा एक विचार मांडणे रुग्णांना अधिक उपयुक्त होईल अशी तिची धारणा होती, हे तिने नंतर ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’ (१९८९) मध्ये स्पष्ट केले. रोग हा रोगच आहे, तो स्वभावाचा दोष किंवा दडपलेल्या भावनांची शिक्षा नव्हे, असे रुग्णाला पटवून देणे हाही धीर देण्याचा एक प्रकार आहे. मात्र या शुद्ध वैचारिक भाषेत किंचाळण्यास जागा उरत नाही. सोंटॅगने रुग्णाला अपराधभावातून सोडविले. रात्रीच्या भीतीत तिची सोबत मात्र केली नाही.

धीर दिल्याने आयुष्य वाढते काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्रानेही विचारला आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या रुग्ण आठवड्यातून एकदा गटात एकत्र येऊन बोलत होत्या, त्या अभ्यासात सामील झाल्यापासून सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. या निष्कर्षाचा मोठा गाजावाजा झाला. परंतु २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या, २३५ स्त्रियांच्या कॅनडातील अभ्यासात आयुर्मर्यादा वाढल्याचे आढळले नाही, २००७ मध्ये स्पीगेल यांच्या स्वतःच्या पुनरभ्यासातही एकंदर तसा लाभ दिसला नाही. कॅनडातील अभ्यासात दिसले ते असे की गटात बोलणाऱ्या स्त्रियांना, विशेषतः ज्या आरंभी अधिक त्रस्त होत्या त्यांना, मानसिक क्लेश आणि वेदना कमी जाणवल्या.

समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय बाब ही की या गटांत प्रसन्न राहण्याचा उपदेश केला जात नसे. मृत्यूची भीती, कुटुंबाशी होणारे ताण, गटातील सखीचा मृत्यू यांविषयी मोकळेपणाने बोलण्यावर भर असे. धीर म्हणजे आयुष्य लांबविण्याचे साधन, ही कल्पना या अभ्यासांनी मागे टाकली. त्यामुळे धीराचे मोल घटले नाही. उलट, ज्यांना जगता आले नाही त्या आशावादात कमी पडल्या हा आरोप त्यातून निराधार ठरला.

५

कुटुंबाचा प्रश्न या सगळ्यात अधिक गुंतागुंतीचा आहे. टेरी टेम्पेस्ट विल्यम्स हिच्या ‘रेफ्युज’ (१९९१) या पुस्तकात यूटामधील एका मॉर्मन कुटुंबाची कहाणी आहे. लेखिकेची आई, दोन्ही आज्या आणि सहा मावश्या-आत्या यांच्यावर स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांपैकी सात जणी मरण पावल्या होत्या. नेवाडातील अणुचाचण्यांशी या आजारांचे नाते असावे, या संशयापाशी पुस्तक थांबते. आईला आधी स्तनाचा आणि पुढे बीजांडकोशाचा कर्करोग झाला. तिच्या अखेरच्या काळात मुलगी आशेचा आग्रह धरते, तेव्हा आई तिला थांबवते. निरोपाच्या तयारीत असलेल्या माणसाला आशा बाळगायला लावणे म्हणजे त्याच्याजवळ असलेला क्षणच हिरावून घेणे होय, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. धीर देणाऱ्यालाच धीराची गरज होती, हे येथे रुग्णाने ओळखले आहे. मुलीने हे संभाषण पुस्तकात ठेवले, स्वतःच्या आग्रहाला कोठेही सौम्य केले नाही, यात या संहितेचा प्रामाणिकपणा आहे.

ईव्ह कोसोफ्स्की सेजविक हिच्या ‘व्हाइट ग्लासेस’ या निबंधात देणारा आणि घेणारा यांच्या भूमिकांची अदलाबदल रचनेचेच तत्त्व होऊन बसते. एड्सने आजारी असलेला मित्र मायकल लिंच याच्या मृत्यूनंतर वाचावयाचा मृत्युलेख म्हणून तिने तो योजला होता. दरम्यान, १९९१ मध्ये तिलाच स्तनकर्करोगाचे निदान झाले आणि निबंध वाचला गेला तेव्हा मित्र हयात होता. शोक करणारी व्यक्ती आणि जिच्यासाठी शोक करायचा ती व्यक्ती यांतील अंतरच नाहीसे झाले. धीर परस्पर असतो या विधानाचा याहून नेमका रूपबंध सापडणे कठीण.

ॲन बॉयरच्या ‘द अनडाइंग’ (२०१९) या पुस्तकाने ‘कुटुंब’ या संज्ञेचीच झडती घेतली. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, एकटीने मुलीला वाढवीत असताना, ती आजारी पडली. तिची शुश्रूषा मित्रमैत्रिणींनी आळीपाळीने केली. पण कायदा मित्रांना कुटुंब मानीत नसल्यामुळे त्यासाठी हक्काची रजा त्यांना मिळणे शक्य नव्हते. आधार देण्याला वेळ लागतो आणि वेळेला मजुरीचे मोल असते, ही बाब तिने धीराच्या चर्चेत आणली. पूर्वीच्या संहितांत भावनेच्या पातळीवर राहिलेला प्रश्न येथे अर्थव्यवस्थेचा होतो. बॉयरही विजयाची कथा लिहिण्यास नकार देते. आपले पुस्तक मृतांशी अप्रामाणिक ठरू नये, ही तिची चिंता पानोपानी जाणवते.

६

या लेखनाचा मराठी वाचकाशी संबंध केवळ विषयाच्या सार्वत्रिकतेमुळे येत नाही. रोगाचे नाव न घेण्याची आणि निदान रुग्णापासून लपविण्याची रीत येथील कुटुंबांतही परिचयाची आहे. ‘तिला सांगू नका, ती खचेल’ या वाक्यात प्रेम असते. त्याचबरोबर तिच्या वतीने मौन पाळण्याचा निर्णयही असतो. बर्नीने पतीपासून जे लपविले, तेच येथे उलट्या दिशेने पत्नीपासून लपविले जाते. दोन्हीकडे परिणाम सारखाच होतो. ज्यांनी एकमेकांशी बोलावे तीच माणसे एकमेकांसमोर भूमिका वठवू लागतात.

तथापि, याच समाजात दुःख बोलून दाखविण्याची एक स्त्रीप्रधान परंपराही होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले आहे. जाते बहुधा दोघी ओढतात. ओवी समोरच्या सखीला उद्देशून असते. तिच्यात सासरचा जाच येतो, माहेरची ओढ येते, मरणही येते, आणि या दुःखांवर तोडगा सुचविण्याची घाई क्वचितच दिसते. समोरची दांड्याला हात लावते आणि पुढची ओवी गाते. सखीने दिलेला प्रतिसाद हा दुसऱ्या दुःखाच्या रूपाने येतो. पहिल्या दुःखाचे वजन त्यामुळे वाटून घेतले जाते. बर्नीचे पत्र आणि लॉर्डच्या नोंदी या ओव्यांपासून काळाने आणि संस्कृतीने फार दूर आहेत. तरीही संवादाचे सूत्र एकच आहे: ऐकणारीने आपल्या भीतीसह समोर बसणे.

मराठीत आजारविषयक आत्मपर लेखन वाढत आहे. त्याचे स्वागत ‘प्रेरणादायी’ या एका विशेषणाने करण्याची सवय समीक्षेला लागली आहे. लेखक बरा झाला की पुस्तक प्रेरणादायी ठरते. बरा न झालेल्याच्या पुस्तकाला ‘हृदयद्रावक’ म्हटले जाते. दोन्ही विशेषणे रोगाच्या निकालावरून ठरतात, संहितेवरून नव्हे. या लेखनाची परीक्षा करावयाची तर त्यातील श्रोता कोण, त्याला काय बोलण्याची मुभा आहे, रोग परतलेल्या वाचकाला त्या पानांत बसायला जागा मिळते की नाही, हे विचारले पाहिजे. ज्या पुस्तकात ती जागा आहे, तेथे धीर देणारी आणि धीर धरणारी यांच्यातील उतरंड मोडते आणि धीर सुटल्याचे सांगणे हा पराभव राहत नाही.